पत्ता गावाचा, मुक्काम शहराचा

मतदार यादीत नाव घालण्यासाठी जो सहा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्याच्या शेवटी एक घोषणा असते. वर लिहिलेल्या पत्त्यावर आपण सर्वसाधारणपणे राहतो आणि अमुक काळापासून राहतो, असे अर्जदार तिथे स्वतःच्या सहीने सांगतो. ही घोषणा खोटी निघाल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हेही तिथे छापलेले असते. सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागातील एका प्राथमिक शाळेत शिक्षक असताना मी काही वर्षे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे सगळे ज्याला बीएलओ म्हणतात ते काम केले. त्या काळात या घोषणेखाली सही करताना ज्याचा हात अडखळला असा माणूस मला क्वचितच भेटला. सही करणाऱ्यांत पुण्या-मुंबईला कायमचे स्थायिक झालेले अनेक जण असत आणि आपण काही खोटे लिहून देत आहोत असे त्यांतल्या बहुतेकांच्या मनातही येत नसे. त्यांच्यापैकी काही पुढे ग्रामपंचायतीला उभे राहिले, काही निवडून आले, आणि तेव्हा ती किरकोळ वाटलेली सही गावाला फार महागात पडली.

आमच्या भागातून मुंबईला जाणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गडी गिरणीत लागत. पुढे मशीद बंदरला, आणि बाजार वाशी-तुर्भ्याला हलल्यावर तिथे, माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहत. आता त्यांची मुले चाकण-हिंजवडीकडे नोकऱ्या करतात. मुंबईहून आलेल्या पैशावर इथली घरे उभी राहिली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, आमच्या शाळेची एक खोलीसुद्धा मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून झाली. त्यामुळे मुंबईकराचे नाव यादीतून कमी करायचे म्हटले की गावाला ते नाते तोडल्यासारखे वाटते. यादी घेऊन घरोघर फिरताना एका कुलूप लावलेल्या घरापाशी मी थांबलो होतो. मीटरच्या पेटीत खोचलेली विजेची बिले तशीच साठली होती आणि दिसेल त्या बिलावर वापराच्या रकान्यात शून्य होते. शेजारच्या अंगणात नाचणी पाखडत बसलेल्या, घरमालकाच्या नात्याने चुलती लागणाऱ्या आजीबाईंनी मला पाहून सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, ‘गुरुजी, त्येचं नाव तेवढं काढू नका. पोटासाठी लांब गेला म्हणून माणसाचं गाव तुटतंय व्हय?’

गाव तुटत नाही, हे मलाही मान्य होते आणि आजही आहे. पण मतदार यादी हा गावाशी नाते असलेल्यांचा कुलवृत्तान्त नसतो, ती गावात राहणाऱ्यांची यादी असते. आणि त्याच कुलूपबंद घराच्या पत्त्यावर पुढच्या निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज दाखल झाला.

कायदा या बाबतीत जितका स्पष्ट आहे तितका तो गावोगाव माहीत नाही. १९५० च्या अधिनियमाचे कलम १९ सांगते की मतदार होण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत आणि माणूस त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा हवा. ‘सर्वसाधारणपणे राहणारा’ कोणाला म्हणायचे याचा खुलासा कलम २० मध्ये आहे आणि त्याचे पहिलेच वाक्य आपल्याकडच्या समजुतीच्या अगदी उलट आहे: एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आमच्याकडे मात्र नमुना आठच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरनोंदीच्या, उताऱ्यावर नाव असले, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेली असली, की रहिवासाचा प्रश्न मिटला असे समजतात. ग्रामसेवकाकडे रहिवासी दाखला मागायला आलेला माणूस खिशातून घरपट्टीची पावती काढतो आणि दाखला मिळतो. घराचा पुरावा राहण्याचा पुरावा म्हणून चालतो.

दुसऱ्या बाजूला, ज्याला घरच नाही अशा माणसासाठी निवडणूक आयोगाने काय सांगितले आहे ते पाहावे. पुलाखाली किंवा फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाने मतदार म्हणून अर्ज केला, तर त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागू नये. बीएलओने रात्री त्या जागी जावे, माणूस तिथे खरोखर झोपतो का ते पाहावे, आणि एकाहून अधिक रात्री तो तिथे आढळला की नाव नोंदवावे. मला ही सूचना आपल्या निवडणूक व्यवस्थेतील सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. माणूस जिथे झोपतो तिथला तो, इतके साधे आणि इतके न्याय्य सूत्र तिच्यात आहे. हेच सूत्र बेघराला लावायचे आणि दुमजली बंगल्याच्या मालकाला लावायचे नाही, हा भेद कायद्याने केलेला नाही. तो आपण केला आहे.

आणखी एक भेद मी यादीच्या कामात सतत पाहिला. लग्न होऊन गावात आलेल्या सुनेचे नाव घालायचे तर माहेरच्या यादीतून नाव कमी झाल्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, आधारवरचा बदललेला पत्ता अशी एकेक गोष्ट मागितली जाते, आणि ती बिचारी महिनोन्‌महिने ना इकडची ना तिकडची राहते. वीटभट्टीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना तर ‘तुम्ही इथले नव्हे’ असे तोंडावर सांगितले जाते, मग त्यांची पोरे आमच्याच शाळेत शिकत का असेनात. जी माणसे रोज गावच्या विहिरीचे पाणी पितात त्यांना रहिवास सिद्ध करावा लागतो आणि जी गणपतीला व जत्रेला येतात त्यांचा तो गृहीत धरला जातो. म्हणूनच खोट्या पत्त्याविरुद्ध बोलताना मला ‘बाहेरचे लोक नकोत’ या घोषणेचा आधार घ्यायचा नाही. ती घोषणा नेहमी गरिबावर उलटते.

मतदाराचा खोटा पत्ता आणि उमेदवाराचा खोटा पत्ता या दोन गोष्टी मी सारख्या मानत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री घणसोली-कोपरखैरण्याहून उमेदवाराच्या खर्चाने गाड्या भरून येतात, पहाटे गावात उतरतात, दुपारपर्यंत मतदान करून परततात. तेही गैरच आहे आणि अटीतटीच्या लढतीत त्यांच्यावरच निकाल फिरतो. परंतु मतदार एक दिवस येऊन जातो. उमेदवार पाच वर्षे गावात राहण्याचे आश्वासन त्या पत्त्यातून देत असतो.

वरच्या सभागृहांकडे पाहिले तर पत्त्याची ही अट जितके वर जावे तितकी सैल होत जाते. लोकसभेसाठी देशातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार सहसा कुठूनही उभा राहू शकतो. पंतप्रधान मोदी वाराणसीतून निवडून येतात आणि मतदान अहमदाबादेत करतात, त्यात बेकायदेशीर काहीही नाही. विधानसभेला त्या राज्यातला मतदार असला की पुरते. राज्यसभेची गोष्ट मात्र मुद्दाम आठवण्यासारखी आहे. तिथे पूर्वी उमेदवार त्याच राज्यातला मतदार असावा लागे आणि ही अट पाळल्याचे दाखवण्यासाठी देशभरातल्या मोठ्या नेत्यांनी दूरदूरच्या राज्यांत पत्ते घेतले. सर्वांत गाजलेले उदाहरण डॉ. मनमोहन सिंग यांचे. १९९१ मध्ये अर्थमंत्री झाल्यावर ते आसाममधून राज्यसभेवर गेले आणि त्यांचा पत्ता होता गुवाहाटीच्या सरूमटरिया भागातले एक घर, जे तेव्हाचे मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांच्या कुटुंबाचे होते आणि सिंग तिथले भाडेकरू म्हणून नोंदले गेले होते. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना अशा पत्त्यांची चौकशी सुरू झाली आणि प्रकरण गुवाहाटी उच्च न्यायालयात गेले. १९९९ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले की सर्वसाधारण रहिवास म्हणजे सवयीचा, कायम स्वरूपाचा रहिवास. तो तात्पुरता किंवा प्रासंगिक नसावा आणि तिथे राहण्याचा इरादा असावा.

सिंग यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो हे लिहिताना कमी झालेला नाही. ते जवळजवळ अठ्ठावीस वर्षे आसामचे खासदार होते आणि पंतप्रधानपदाची दहा वर्षे त्याच काळातली. पण एवढ्या सचोटीच्या माणसालाही एका पत्त्याच्या आधाराने सभागृहात बसावे लागावे, यात कायद्याचे आणि व्यवहाराचे अंतर किती वाढले होते ते दिसते. २००३ मध्ये संसदेने अटच काढून टाकली. आता देशातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाऊ शकतो. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी त्याला आव्हान दिले, कारण राज्यांची सभा म्हणवणाऱ्या सभागृहात त्या राज्याचा रहिवासी नसावा हे त्यांना संघराज्याच्या मुळावर येणारे वाटले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. त्यानंतर २०१६ मध्ये तमिळनाडूचे पी. चिदंबरम महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले तेव्हा त्यांना इथे घर दाखवावे लागले नाही. हा निकाल मला पटतो की नाही हा वेगळा विषय आहे. मात्र त्या दुरुस्तीमुळे एक खोटे बोलणे अनावश्यक झाले, हे खरे. दिल्लीत बसून राज्याचे काम करता येते, असे संसदेने उघडपणे म्हटले आणि मग पत्त्याचे सोंग आणण्याची गरज उरली नाही.

ग्रामपंचायतीबद्दल असे म्हणता येत नाही, आणि माझे सगळे म्हणणे इथे येऊन थांबते. महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांचे काम पाणी, गटार, दिवाबत्ती, रस्ता, दाखले, अंगणवाडी, स्मशानभूमी असे आहे. हे काम अंतरावरून होत नाही. कारण ते कळण्यासाठीच तिथे असावे लागते. मार्च महिन्यात विहिरीचा झरा आटत चालला की घागर भरायला किती वेळ लागतो, हे अहवालात लिहिलेले नसते. ज्याच्या घरच्या बाईला तिथे रांगेत उभे राहावे लागते त्यालाच ते कळते, आणि त्याच्यावरच त्याचा परिणाम होतो. स्थानिक कारभारात राहण्याची अट गावावरच्या प्रेमाची परीक्षा म्हणून घातलेली नाही. ज्याने निर्णय घ्यायचा त्याने त्या निर्णयाची झळ सोसावी, एवढाच तिचा हेतू आहे. प्रेम पुण्यात राहूनही करता येते. झळ सोसता येत नाही.

ज्या गावाचा मी उल्लेख केला, तिथे त्या निवडणुकीनंतर काय घडले ते मी जवळून पाहिले. निवडून आलेले गृहस्थ वाईट नव्हते. बोलायला गोड, हाताने सढळ, अडल्यानडल्याला फोनवरून पैसे पाठवणारे असे ते होते आणि सरपंच झाल्यावर पहिल्याच जत्रेत त्यांनी मंडपाचा सगळा खर्च केला. पण ते पुण्यात राहत. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात, त्यामुळे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ते सकाळी गाडीने येत, झेंडावंदन करत, सभा घेत आणि संध्याकाळी परतत. मासिक सभेच्या नोंदवहीवर सह्या नंतर गोळा होत. वित्त आयोगाच्या निधीतून पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंचांच्या सहीचे डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचे छोटे उपकरण, पंचायतीच्या संगणक चालवणाऱ्या मुलाच्या टेबलाच्या खणात पडलेले असे आणि फोनवर ‘कर बाबा’ म्हटले की सही होत असे. या सहीने कोणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मी एवढेच म्हणतो की ज्या हाताने गावाच्या पैशावर सही करायची तो हात सव्वाशे किलोमीटरवर होता आणि सही त्या खणात होती.

त्या उन्हाळ्यात नळपाणी योजनेची मोटार जळाली. दुरुस्ती मोठी नव्हती, पण दरपत्रके मागवायची, मासिक सभेत ठराव घ्यायचा, पैसे काढायचे, या प्रत्येक पायरीवर सरपंच हवे होते आणि ते ‘सोमवारी येतो’ म्हणत होते. त्या सोमवारी त्यांच्या मुलीची परीक्षा होती, पुढच्या सोमवारी त्यांच्या कामावर अडचण आली. बायका डोक्यावर हंडे घेऊन खालच्या ओढ्यावर जात राहिल्या. शाळेत पोरी उशिरा येऊ लागल्या, म्हणून मला ते कळले. उपसरपंचांनी शेवटी आपल्या खिशातून मोटार भरून आणली. सरपंचांनी आल्यावर मनापासून दिलगिरी व्यक्त केली, आणि मला वाटते त्यांना खरोखर वाईट वाटले होते. त्यांच्या पुण्याच्या घरातल्या नळाला मात्र त्या सगळ्या दिवसांत पाणी येत होते.

कायद्याने याचा विचार केलेला आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४० प्रमाणे सलग चार महिन्यांहून अधिक काळ गावाबाहेर राहणारा सदस्य, पंचायतीने त्याची रजा मंजूर केलेली नसेल तर, सदस्य राहत नाही. ही रजाही सहा महिन्यांपलीकडे देता येत नाही. शौचालयाविषयीची जी अट आहे तिच्यातही, उमेदवार राहतो त्या घरात शौचालय आहे आणि तो त्याचा नियमित वापर करतो, असे प्रमाणित करावे लागते. म्हणजे राहणे तिथेही गृहीत आहे. पण ‘सलग’ या अटीमुळे, झेंडावंदनाला येऊन जाणाऱ्या माणसाविरुद्ध कलम ४० लावणे अतिशय अवघड जाते, आणि बंद घरातले शौचालय नियमित वापरात असल्याचा दाखला कोणीतरी गावातलाच माणूस देतो.

याच कलमाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. बीड, अहिल्यानगर या भागांतली ऊसतोड कामगार कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि पुष्कळदा मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. मतदार म्हणून त्यांचा हक्क शाबूत राहतो, कारण तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही असे कलम २० मध्येच म्हटले आहे. पण अशा कुटुंबातली एखादी बाई ग्रामपंचायतीवर निवडून आली, तर तिला रजा मंजूर करून घ्यावी लागते आणि ती देणे बाकीच्या सदस्यांच्या हातात असते. कोयता घेऊन पोटासाठी सहा महिने फडात राहणारी ती बाई गावचीच आहे. तिची गुरे, तिचे म्हातारे सासू-सासरे, तिची पोरे, सगळे मागे गावात असते आणि गावचे पाणी आटले की ते तिच्याच घरात आटते. पुण्याच्या फ्लॅटमधून येणारे सदस्य आणि ती, या दोघांची अनुपस्थिती वहीत सारखीच दिसते. कलमाची अंमलबजावणी करणाऱ्याला हा फरक कळला नाही तर खोट्या पत्त्याविरुद्धचे हत्यार नेमके चुकीच्या माणसाच्या मानेवर पडेल.

मग हरकत घ्यायची कधी? इथे आपली व्यवस्था सर्वांत अधिक फसते. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांमध्ये विभागली जाते. निवडणूक लागली की राज्य निवडणूक आयोग ती प्रसिद्ध करतो आणि हरकती मागवतो, पण त्या हरकती प्रभाग चुकला, लेखनिकाची चूक झाली, विधानसभेच्या यादीत असलेले नाव गळले, अशा स्वरूपाच्याच असू शकतात. अमुक माणूस इथे राहतच नाही, ही हरकत तेव्हा ऐकली जात नाही. ती घ्यायची तर विधानसभेच्या यादीच्या पुनरीक्षणाच्या वेळी, सात नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे निवडणूक कोणाच्या ध्यानीमनीही नसताना. उमेदवारी अर्जाच्या छाननीत निवडणूक निर्णय अधिकारी यादीत नाव आहे एवढेच पाहतो. आणि निवडून आल्यावर न्यायालयात जावे, तर यादी अंतिम मानली जाते. माणूस खरोखर रहिवासी होता का, हा प्रश्न निवडणूक याचिकेत उकरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच एका राज्यसभा निवडणुकीच्या प्रकरणात ठरवले आहे. निवडणुकीनंतर प्रत्येक मतदाराचा पत्ता तपासत बसलो तर कोणताच निकाल टिकणार नाही, हे त्यामागचे कारण मला समजते. परिणाम मात्र असा होतो की लोक जागे होतात तेव्हा दार बंद झालेले असते.

बरे, दार उघडे असतानाही आत कोण जातो? सात नंबरच्या फॉर्मवर हरकत घेणाऱ्याचे नाव आणि सही लागते. ज्याच्याविरुद्ध हरकत आहे त्याला नोटीस जाते, सुनावणी होते, आणि दोघे तहसील कचेरीत समोरासमोर उभे राहतात. गावात हरकत घेणारा बहुधा भावकीतलाच असतो. एकाच बांधाचे दोघे, एकाच सुतकातले. ‘यादीतून नाव काढले’ हे वाक्य मग बांधाच्या वादासारखे दोन पिढ्या पुरते. लग्नाच्या पंक्तीत पान मांडले जात नाही, मयतीला खांदा दिला जात नाही. एका तरुण मुलीने माझ्याकडून सात नंबरचा फॉर्म मागून घेतला होता. ज्याच्याविरुद्ध भरायचा तो तिचा सख्खा चुलता होता आणि तिची आई पाण्यासाठी ओढ्यावर जाणाऱ्यांपैकी एक होती. आठवडाभराने तिच्या वडिलांनी तो कोरा फॉर्म माझ्या हातात परत आणून दिला आणि काही न बोलता निघून गेले. त्यांना दोष देणे मला कधीच जमले नाही.

यातून जी जागा अडते ती बहुतेक वेळा दुबळ्याचीच असते. सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले की मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहणाऱ्या पत्नीचे नाव गावच्या यादीत आहे का, हे आधी पाहिले जाते. गावातच राहणारी, बचत गट चालवणारी, तलाठ्याशी आणि रेशन दुकानदाराशी भांडून कामे करून घेणारी बाई मग उमेदवारीच्या चर्चेतही येत नाही, कारण तिच्यामागे पैसा नसतो. राखीव जागा कायद्याने दिली तिच्यासाठी आणि भरली जाते ती शहरातल्या पत्त्यावरून.

२०२५ मध्ये या विषयावर दोन गोष्टी देशात घडल्या. उत्तराखंडमध्ये डोंगरातली गावे ओस पडत चालली आहेत आणि डेहराडून, हल्द्वानीला स्थायिक झालेल्यांची नावे शहरातल्या व गावातल्या अशा दोन्ही याद्यांत असणे तिथे सर्रास आहे. तिथल्या पंचायत कायद्यात दोन ठिकाणी नाव ठेवायला स्पष्ट मनाई असताना राज्य निवडणूक आयोगाने २०२५ च्या पंचायत निवडणुकांपूर्वी असे स्पष्टीकरण काढले की केवळ दोन याद्यांत नाव आहे म्हणून कोणाचा अर्ज फेटाळला जाणार नाही. उच्च न्यायालयाने जुलैत त्याला स्थगिती दिली, आयोग त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सप्टेंबरमध्ये त्या न्यायालयाने आयोगाची याचिका फेटाळून त्याच्यावर दोन लाख रुपयांचा भुर्दंड बसवला. कायदा राबवण्यासाठी नेमलेल्या संस्थेलाच कायद्याची आठवण करून द्यावी लागली, याचे मला फार वाईट वाटले. आपल्याकडे त्याच वर्षाच्या शेवटी नगरपालिकांच्या निवडणुकांत दुबार मतदारांच्या नावांपुढे दोन तारे लावण्याचा उपाय झाला. तो चांगलाच आहे. पण दुबार नाव संगणकाला सापडते. ज्याने शहरात नाव घातलेच नाही आणि गावात एकच नाव ठेवले, त्याचा खोटा पत्ता कोणत्याही संगणकाला सापडणार नाही. तो शेजाऱ्यालाच माहीत असतो.

हा प्रश्न मतदानाआधी आणि उघडपणे सोडवता येतो, याचे एक उदाहरण शिकागोचे आहे. रॅम इमॅन्युएल हे व्हाइट हाउसमधली मोठी जबाबदारी सोडून २०१० मध्ये महापौरपदाला उभे राहिले तेव्हा, उमेदवाराने निवडणुकीपूर्वी वर्षभर शहरात राहिलेले असावे या अटीवर त्यांना हरकत घेतली गेली, कारण त्यांनी आपले घर भाड्याने दिले होते. त्यांनी स्वतः जाहीर सुनावणीत तासन्‌तास साक्ष दिली. तळघरात ठेवलेल्या सामानाबद्दल, पत्नीच्या लग्नातल्या पोशाखाबद्दलसुद्धा त्यांना सांगावे लागले. अपील न्यायालयाने २४ जानेवारी २०११ रोजी त्यांना अपात्र ठरवले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत तो निर्णय फिरवून त्यांना पात्र ठरवले. २२ फेब्रुवारीला मतदान झाले तेव्हा प्रत्येक मतदाराला दोन्ही बाजू माहीत होत्या. निकाल कोणाच्या बाजूने लागला याला माझ्या लेखी महत्त्व नाही. प्रश्न वेळेवर विचारला गेला, सर्वांसमोर विचारला गेला आणि विचारणाऱ्याला त्यासाठी आपल्या भावकीला मुकावे लागले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे त्यासाठी फार मोठे काही करावे लागणार नाही. प्रारूप यादीचे ग्रामसभेत चावडी वाचन करायचे, असे सांगितलेलेच आहे. ते अनेक ठिकाणी कागदावर होते, ते खरोखर व्हावे. वाचनाच्या वेळी ‘हे नाव गावात राहत नाही’ असे सभेने म्हटले तर ती सभेची हरकत म्हणून नोंदवली जावी, म्हणजे एकट्या पुतणीला आपल्या चुलत्याविरुद्ध सही करावी लागणार नाही. ग्रामपंचायतीच्या उमेदवारी अर्जासोबत विजेची मागील बारा महिन्यांची बिले जोडायला लावावीत आणि ती नोटीस बोर्डावर लावावीत. ज्या घरात माणूस राहतो त्या घरात वीज वापरली जातेच. ऊसतोडीला किंवा रोजंदारीला हंगामी बाहेर जाणाऱ्यांना यातून वगळण्याचा अधिकार सभेलाच द्यावा, कारण कोण पोटासाठी गेला आणि कोण कायमचा गेला, हे सभेला बिनचूक माहीत असते. आणि अर्जांची छाननी तालुक्याच्या कचेरीऐवजी त्या त्या गावात, ज्यांना रात्री त्या घरात दिवा लागतो की नाही हे ठाऊक आहे त्यांच्यासमोर व्हावी. हे चारही बदल मी आमच्या तालुक्यातील अधिकाऱ्यांना लेखी कळवले आहेत आणि पुढच्या पुनरीक्षणात आमच्या गावचे चावडी वाचन पूर्ण करून घेण्याची जबाबदारी गावातल्या बचत गटाच्या बायकांनी स्वतःकडे घेतली आहे.